मनाच्या आजाराला बेड नंबर कुठून आणायचा?

संपादक साहेब, नमस्कार.

माझ्या मुलीला मागच्या वर्षी डिप्रेशनचं निदान झालं, तेव्हा ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या आणि स्पष्ट सांगितलं की नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, दर आठवड्याला थेरपी हवीच. एका सेशनचे दीड हजार, म्हणजे महिन्याला सहा हजार, गोळ्या आणि पुण्याला जायचं-यायचं एसटीचं भाडं वेगळं. घरात पाच लाखाची आरोग्य विम्याची फॅमिली पॉलिसी आहे, आठ वर्षांत एक हप्ता चुकवला नाही की कधी क्लेम घेतला नाही, त्यामुळे वाटलं आता तरी उपयोग होईल.

क्लेमचा फॉर्म भरायला बसले तर ॲडमिट झाल्याची तारीख, डिस्चार्जची तारीख, रूमचा प्रकार असे रकाने, त्यात मी काय लिहिणार? सगळ्या पावत्या जोडून दिल्या तरी क्लेम परत आला. विमा कंपनीत फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, मॅडम चोवीस तास ॲडमिट केलं असतं तर बघता आलं असतं. अहो जी मुलगी थेरपीमुळे घरी राहून, कॉलेज करून सावरतेय तिला पैसे मिळावेत म्हणून हॉस्पिटलात ठेवायची का?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ सांगतं की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला द्यायचा. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआय या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये तसं सर्क्युलर काढलं, २०२२ मध्ये परत काढावं लागलं. मधे २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही एका बाईंच्या केसमध्ये कंपनीला फटकारलं, पण त्या ॲडमिट झालेल्या होत्या. कंपन्या म्हणतात आम्ही कुठे भेदभाव करतो, ओपीडी तर सर्दीतापाचीही देत नाही. ऐकायला बरोबर वाटतं पण मनाच्या आजारात बहुतेकांचा सगळा इलाजच ओपीडीत होतो, ॲडमिट व्हायची वेळ फार थोड्यांवर येते, मग बाकीच्यांनी हप्ते कशासाठी भरायचे. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन, डायलिसिस, केमो यांना चोवीस तासाची अट नाहीच ना, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी आलं तरी डे केअर म्हणून क्लेम पास होतो. तसंच डॉक्टरांनी लिहून दिलेल्या थेरपीलाही धरा, वर्षाला अमुक सेशन अशी मर्यादा घाला हवी तर, पण साध्या पॉलिसीत द्या. ओपीडीचं कव्हर वेगळं घ्या म्हणतात, त्याचा जादा हप्ता आणि त्यातही थेरपी असेलच असं नाही, घेण्याआधी नीट वाचून बघा.

माझ्यासारखं कुणाचं झालं असेल तर क्लेम का नाकारला ते कंपनीकडून लेखी घ्या. आधी कंपनीकडे तक्रार करायची, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. मी अर्ज टाकलाय.

मागच्या आठवड्यात मुलगी म्हणाली, आई आता पंधरा दिवसांनी एकदा गेले तरी चालेल. बरं वाटतंय म्हणून नाही म्हणाली ती, कपाटातली पावत्यांची फाईल तिने बघितली होती.

- एक आई, सातारा