कुस्तीच्या वाहिनीवर कुस्तीचा शेवट दाखवावा, याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
कुस्ती वाहिनी विभाग,
मुंबई

विषय : जाहिरातीत सांगितलेले कार्यक्रम न दाखवणे, भाग उलटसुलट लावणे आणि ऐन निकालाच्या वेळी जाहिराती घुसवणे.

सोबत : वाहिनी घेतल्याच्या पावतीची प्रत.

महोदय/महोदया,

कराडमध्ये माझं केशकर्तनालय आहे. दुकानात टीव्ही आहे आणि त्यावर बातम्या लागत नाहीत, कुस्ती लागते. दाढी-कटिंगचं नावही न काढता नुसते बाकड्यावर येऊन बसणारे लोक मी वर्षानुवर्षं त्यापायीच सांभाळतोय. ‘चोवीस तास फक्त रेसलिंग’ अशी तुमची जाहिरात आली, तेव्हा याच मंडळींनी माझ्यामागे लकडा लावला आणि पॅकमध्ये नसलेली तुमची वाहिनी मी सुटी घेतली. महिना १९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. रक्कम लहान आहे म्हणून तक्रारही लहान समजू नये, एवढी विनंती.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या ग्राहक सेवेने फोनवर दिलेलं उत्तर पुन्हा कागदावर यायला नको. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेतल्या बड्या रेसलिंग कंपनीचे सामने तुमच्याकडे नाहीत हे मला ठाऊक आहे. पूर्वी ते टेन स्पोर्ट्सवर दिसायचे, पुढे सोनीच्या वाहिन्यांवर, आणि एप्रिल २०२५ पासून भारतात ते नेटफ्लिक्सवर गेले. घरात डिश आहे पण नेटफ्लिक्स नाही, असा मोठा प्रेक्षक त्या दिवशी उघड्यावर पडला. त्याच्यासाठी वेगळी वाहिनी काढावी असं तुम्हाला सुचलं, याबद्दल मनापासून अभिनंदन. जगात रेसलिंग म्हणजे काही एकच कंपनी नाही. जपान आहे, मेक्सिको आहे, जुनं ब्रिटन आहे. माल भरपूर आहे. तो तुम्ही ज्या पद्धतीने दाखवता, तिथे माझं भांडण आहे.

तुम्ही मेक्सिकोची लुचा लिब्रे, म्हणजे तिकडचं रेसलिंग, दाखवता. तिथे मुखवटा म्हणजे मल्लाची अब्रू. पैजेचा सामना असला की हरणाऱ्याने भर रिंगमध्ये मुखवटा काढायचा आणि आपलं खरं नाव, गाव आणि किती वर्षं खेळतोय ते लोकांना सांगायचं. एकदा गेलेला मुखवटा पुन्हा चढवायचा नाही, असा तिथला दंडक आहे. रुपेरी मुखवट्याच्या एल सांतोने १९५२ साली ब्लॅक शॅडोचा मुखवटा उतरवला, त्या लढतीचं नाव तिकडे अजून निघतं. सांतोने स्वतःचा मुखवटा मात्र कुठल्याही लढतीत गमावला नाही.

तर असाच एक सामना तुम्ही ‘मुखवटा उतरणार!’ म्हणून पट्टी फिरवून फिरवून गाजवलात. त्या संध्याकाळी दुकान भरलं. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली, दुसऱ्या गालाला फेस, आणि मी वस्तरा बाजूला ठेवून उभा. कारण तो मान वळवून टीव्हीकडे बघत होता आणि अशा मानेवर वस्तरा चालवायची माझी छाती नाही. रेफरीने तीन मोजले. हरलेला मल्ल गुडघ्यांवर बसला. त्याचे हात मानेमागे नाड्यांकडे गेले, पहिली गाठ सुटली, आणि गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली. मग पंख्याची. मग परत तेलाची. तुम्ही परत आलात तेव्हा भलत्याच दोघांची कुस्ती सुरू होती. त्या माणसाचा चेहरा आम्हाला दिसला नाही, नाव ऐकायला मिळालं नाही. गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस तेवढा वाळून गेला.

कहर पुढेच आहे. दोनच दिवसांनी तोच मल्ल तोच मुखवटा चढवून तुमच्याच वाहिनीवर हजर! आधीचा भाग तुम्ही नंतर लावला होता.

तुमच्या ग्राहक सेवेतल्या एका मुलाने मला ऐकवलं, “सर, ते तसंही ठरवूनच करतात ना, काय फरक पडतो?” ठरवूनच करतात, हे आमच्या बाकड्यावरच्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. आणि म्हणूनच फरक पडतो. मैदानातल्या कुस्तीत दोन अनोळखी पैलवानांची लढत मी कधीही, कुठूनही बघू शकतो, कारण कोण जिंकणार हे लागेपर्यंत कुणालाच माहीत नसतं. इथे निकाल ठरलेला, म्हणजे बघायचं काय, तर वैर कसं पेटलं, कोण उलटला, कोणाने दगा दिला आणि त्याचा हिशेब कुठे चुकता झाला. आठवड्यामागून आठवडे ते रचत न्यायचं आणि मोठ्या रात्री फोडायचं, हाच त्यांचा धंदा. सोमवारी वारलेली सासू बुधवारच्या भागात पोहे परतताना दिसली, तर तुमच्याच कंपनीच्या मालिकावाल्या वाहिनीवर फोनचा पाऊस पडेल. आमच्या बाबतीत ते खपवून घेतलं जाईल असं तुम्ही कशावरून ठरवलंत?

यातच दुसरी गोष्ट येते. रिंगमध्ये माइक घेऊन जो बोलतो त्याचं बोलणं तुम्ही सरसकट कापता. कुस्ती नाही, म्हणून कापत असाल. पण भांडण कशावरून आहे ते त्या बोलण्यातच असतं. ते गेलं की उरतात चड्डी घातलेली दोन माणसं, एकमेकांना का आपटताहेत ते कुणालाच कळत नाही.

मेक्सिकोतच ज्याला मुखवटा नसतो तो केसांची पैज लावतो. हरला की रिंगमध्येच चकोट. हा विषय माझ्या व्यवसायातला असल्याने जरा जास्त लिहितो. आपल्याकडे सगळ्यांना आठवणारी हजामत म्हणजे १ एप्रिल २००७ ची, डेट्रॉइटमध्ये रेसलमेनिया २३ या डब्ल्यूडब्ल्यूईच्या मोठ्या कार्यक्रमात डोनाल्ड ट्रम्प यांनी त्या कंपनीचे तेव्हाचे मालक व्हिन्स मॅकमहन यांची केली ती. कामात सफाई शून्य. डोकं धरायची रीत नाही, मशीन कुठूनही कुठे फिरतंय. पण ती अख्खी दाखवली होती हो! तुमच्या वाहिनीवर आजवर मी केसांच्या पैजेचे जे सामने पाहिले, त्यांतल्या एकातही मशीन डोक्याला लागल्याचं दिसलेलं नाही. पैज दिसते, मारामारी दिसते, हरलेला खुर्चीत बसलेला दिसतो, मग जाहिरात. तुमच्याकडे जाहिराती कुठे टाकायच्या हे ठरवणारं माणूस आहे की घड्याळ, मला कल्पना नाही. माणूस असेल तर त्याने एकदा अख्खा सामना बसून बघावा.

समालोचनाबद्दल थोडक्यात. ‘मराठी समालोचन’ असं जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं. प्रत्यक्षात हिंदी आहे, आणि तेही अशा माणसाचं की मल्लाने प्रतिस्पर्ध्याला डोक्यावरून मागे फेकला की तो म्हणतो, “और ये दो पॉइंट!” या खेळात पॉइंट नसतात. खांदे टेकवून तीन मोजले, समोरच्याने हार पत्करली, मोजणी संपेपर्यंत रिंगबाहेरून आत आला नाही किंवा नियम मोडून बाद झाला, अशाच वाटा. पॉइंट गादीवरच्या फ्रीस्टाइलमध्ये असतात, जी २०१५ च्या प्रो रेसलिंग लीगमध्ये होती. तुमच्या समालोचकाचा गोंधळ बहुधा त्या नावातून झाला असावा.

गोंधळ नुसता त्याचा असता तर सोडून दिलं असतं. तुमच्या जाहिरातीत काय काय होतं ते आठवा. कोल्हापूरचं खासबाग मैदान होतं, अंगाला लाल माती चोळणारा लंगोटातला पैलवान होता, आणि ऑलिंपिक पदक छातीवर घेतलेले खाशाबा जाधव होते. खाली ओळ, ‘आपल्या मातीचा खेळ, आता आपल्या टीव्हीवर’. खाशाबांचं गोळेश्वर आमच्या कराडला लागून आहे. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. आणि हेलसिंकीला जायचे पैसेही त्यांना लोकांकडून गोळा करावे लागले होते. मला रेसलिंगही आवडतं आणि मैदानातली कुस्तीही. पण खाशाबांचा फोटो लावून तुम्ही रेसलिंग विकता आणि वाहिनीवर मातीची एकही कुस्ती नाही, याला आमच्याकडे फसवणूक म्हणतात. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून पूर्ण केलेलं ते मैदान तुमच्या वाहिनीवर फक्त जाहिरातीतच दिसलं. वाहिनी घेणाऱ्यांत तालमीतले दोन म्हातारे वस्ताद आहेत. ते या जाहिरातीला भुलून आले आणि आता येता-जाता मलाच बोलून जातात.

जाहिरातीत ‘भारतीय रेसलिंगचा खजिना’ असंही होतं. तो खजिना आहे, हे मात्र खोटं नाही. दारा सिंग यांनी १९६८ साली मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. १९७६ साली कराचीत जपानच्या अँटोनियो इनोकीसमोर गामाचा पुतण्या अक्रम उतरला होता, त्यात अक्रमचा हात निकामी झाला. ‘रिंग का किंग’ तर अख्खी आपल्या पुण्यात, बालेवाडीला चित्रित झाली आणि २०१२ च्या जानेवारीपासून कलर्सवर दाखवली गेली. एकच हंगाम चालली, पण देशी पोरं परदेशी मल्लांबरोबर रिंगमध्ये उभी राहिली ना! २०१५ पासून खली जालंधरला स्वतःची कंपनी चालवतो. यातलं कशाचे हक्क मिळतात, कशाचे नाही, हे तुमचं तुम्ही बघा. मला एवढंच कळतं की खजिना म्हणून जाहिरात केलीत आणि दाखवताय जत्रेतल्या रिंगमधली एकच लढत, जी आता बाकड्यावरची पोरं तोंडपाठ म्हणून दाखवतात.

हे जमतच नाही असं कुणी सांगू नये. ब्रिटनमध्ये २००४ साली नुसत्या रेसलिंगची वाहिनी निघाली होती, द रेसलिंग चॅनल. त्यांच्याकडेही डब्ल्यूडब्ल्यूई नव्हती. त्यांनी जपानचे सामने आणले, अमेरिकेतल्या छोट्या कंपन्यांचे आणले आणि एकेकाळी शनिवारी दुपारी आयटीव्हीवर लागणाऱ्या ब्रिटिश कुस्त्या पुन्हा दाखवल्या. ती वाहिनी काही वर्षंच चालली, ते खरं. पण बघणाऱ्याला ती काय दाखवते हे ठाऊक होतं. तुमच्या वाहिनीवर उद्या संध्याकाळी सात वाजता काय आहे, हे पडद्यावरच्या वेळापत्रकात ‘रेसलिंग’ एवढंच लिहिलेलं असतं. चोवीस तास तेच लिहिलेलं असतं.

तुम्हाला कळवायचा प्रयत्न मी केला. डिशवाल्याकडे तक्रार नोंदवली, तर ते म्हणाले कार्यक्रमाचा विषय वाहिनीचा. वाहिनीला फोन केला, तर म्हणाले तुमचा ऑपरेटर कोण, त्याच्याकडे जा. मधल्या वेळात दोन्हीकडून ‘आपली तक्रार निवारण करण्यात आली आहे’ असा संदेश मोबाईलवर आला. कसलं निवारण झालं, ते अजून मला समजलेलं नाही.

आता मागणी. मालिका म्हणून येणारे कार्यक्रम मूळ क्रमाने लावा आणि जुना भाग असेल तर पडद्यावर मूळ तारीख टाका. रेफरी मोजत असताना, मुखवटा उतरत असताना आणि केस कापले जात असताना जाहिरात लावू नका. दोन कुस्त्यांच्या मध्ये भरपूर जागा असते. मुखवट्याचा तो सामना निकालासह पुन्हा दाखवा आणि कधी दाखवणार ते आधी सांगा, म्हणजे त्या दिवशी मी दाढीची गिऱ्हाइकं लवकर उरकीन. मराठी समालोचन देणार असाल तर तारीख द्या, देणार नसाल तर जाहिरातीतून ती ओळ काढा. खाशाबांचा फोटो आणि खासबाग आजच काढा; मातीच्या कुस्त्या दाखवायला लागलात की खुशाल परत लावा, मी स्वतः पेढे घेऊन येईन. आणि जाहिरातीत सांगितलेलं न दाखवता घेतलेली माझी आजवरची वर्गणी पुढच्या महिन्यांत वळती करून द्या.

या पत्राला महिनाभरात लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली साताऱ्याच्या जिल्हा आयोगाकडे अर्ज करीन. अर्ज लिहून द्यायला आमच्या बाकड्यावर एक निवृत्त कोर्ट कारकून रोज बसलेले असतात. तुमच्या वाहिनीवर त्यांचा माझ्याहून जास्त राग आहे.

कळावे,

आपला ग्राहक
(सही)
कराड, जि. सातारा

ता. क. : अर्ध्या दाढीचं ते गिऱ्हाईक अजून दर आठवड्याला विचारतं, “त्याचं नाव काय होतं?” तुमच्याकडे मूळ फीत असेलच. बाकी उत्तराला वेळ लागणार असेल तर निदान त्या मल्लाचं नाव आधी कळवा.