व्हेनिसच्या दोन दिवसांबाबत तक्रार: ग्रँड कॅनाल म्हणून ज्युदेक्का

दि. 28 जून 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: 14 व 15 जूनच्या व्हेनिस मुक्कामात जादा घेतलेली रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या युरोप सहलीतल्या व्हेनिसच्या शनिवार-रविवारबद्दल ही लेखी तक्रार. टूर मॅनेजर स्वभावाने चांगले होते, त्यांच्याविषयी काही म्हणणे नाही. चूक कार्यक्रम आखणाऱ्याची आहे.

पत्रिकेत 'ग्रँड कॅनालमधून बोटीने सफर' असे छापले आहे. प्रत्यक्षात बोट त्रोंकेत्तोच्या बस थांब्यावरून निघाली आणि थेट सान मार्कोला लागली. हा मार्ग ज्युदेक्का या दुसऱ्या कालव्याचा, शहराच्या मधून जाणाऱ्या ग्रँड कॅनालचा नव्हे. सोबतचे फोटो पाहा: उजव्या हाताला आधी मोलिनो स्टकीची विटांची इमारत, मग रेदेन्तोरे चर्चचा पांढरा दर्शनी भाग, आणि एकाही फोटोत डोक्यावर पूल नाही. ग्रँड कॅनालवर चार पूल आहेत. तिथून गेलेल्या माणसाच्या फोटोत त्यांपैकी रियाल्तो पूल येणार नाही, हे कसे शक्य आहे? तो कालवा दाखवायचाच होता तर आमचे हॉटेल होते त्या मेस्त्रेहून आगगाडीने दहा मिनिटांत सांता लुचिया स्टेशन गाठायचे आणि समोरच्या धक्क्यावरून 1 नंबरची वापोरेत्तो, म्हणजे तिथली सार्वजनिक प्रवासी बोट, धरायची. 75 मिनिटांचे तिकीट साडेनऊ युरोला मिळते.

आता पैशांचे. 'व्हेनिस प्रवेश कर' म्हणून माणशी रोज 10 असे दोन दिवसांचे 20 युरो आपण बसमध्येच रोख घेतले. आमचे हॉटेल मेस्त्रेत होते आणि मेस्त्रे व्हेनिस महापालिकेच्याच हद्दीत येते. हद्दीत रात्रीचा मुक्काम असेल तर हा कर माफ आहे. पाहुण्याने पोर्टलवर मुक्कामाची माहिती भरून सवलतीचा क्यूआर कोड काढायचा, त्याला एक पैसा पडत नाही. शिवाय हॉटेलने मुक्कामाचा कर वेगळा घेतलाच, ती पावती जोडली आहे. बरे, कर लागू असता तरी चार दिवस आधी भरला असता तर तो 5 युरो होता. 10 पडतात ते आयत्या वेळी भरणाऱ्याला. भरला असेल तर प्रत्येकाच्या नावाचा कोड निघतो. आमच्या हाती एकही आला नाही. ते कोड पाठवा, नाहीतर रक्कम नेमकी कुठे गेली ते कळवा.

गोंडोला: महापालिकेने ठरवलेला दिवसाचा दर 30 मिनिटांना 90 युरो. हा दर पूर्ण नावेचा असतो, माणशी नाही, आणि एका नावेत जास्तीत जास्त पाच जण बसतात. आपण माणशी 35 घेऊन पाच जण बसवले, म्हणजे नावेचे 175 झाले. चढतानाचा फोटो 4:12 चा, उतरतानाचा 4:33 चा. पाव तासाच्या जरा वर, एवढीच ती फेरी.

रविवारी सकाळी 10 वाजता 'सान मार्को बॅसिलिका आतून' होते, म्हणजे तिथले मोठे चर्च आतून पाहायचे होते. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असतात, पर्यटकांना मुख्य भागात दुपारी 2 नंतर सोडतात. आपली बस 1 वाजता सुटणार होती. शनिवार आणि रविवारचा क्रम उलटा ठेवला असता तरी हे टळले असते.

आणखी एक. ऑगस्ट 2024 पासून व्हेनिसमध्ये गाइडसोबतच्या एका गटात 25 पेक्षा जास्त माणसे चालत नाहीत. आपण 38 जणांना एकच स्थानिक गाइड दिला. त्यामुळे तिला दोन फेऱ्या कराव्या लागल्या आणि निम्मे लोक उन्हात ताटकळले. चौकातल्या पायऱ्यांवर बसायलाही दंड आहे, तेव्हा ज्येष्ठांनी टेकायचे कुठे?

आमच्या बुकिंगवरील चौघांचा हिशेब असा: प्रवेश कराचे 80, गोंडोलाचे माणशी 17 जादा म्हणून 68, न झालेल्या ग्रँड कॅनाल सफरीचे वापोरेत्तोच्या दराने 38. एकूण 186 युरो. बॅसिलिकेची भरपाई किती ते आपण सांगा, ती यात धरलेली नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर व रक्कम मिळावी. न मिळाल्यास आम्ही राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाऊ. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तशी मुभा आहे, आपल्या मुख्य कार्यालयाच्या गावी यावे लागत नाही. पावत्या, छापील पत्रिका आणि वेळेसह फोटो सोबत जोडले आहेत. मूळ प्रती आमच्याकडे आहेत.

आपले,
बुकिंगमधील चार प्रवासी