सर, त्या पाच जागांसाठी तुमचे आभार

आदरणीय सर, प्रभूमध्ये सलाम.

हे पत्र तुम्हाला एकट्याला पाठवता आलं असतं पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझ्यासारख्या कितीतरी बहिणी असतील ज्यांचा भाऊ गेलाय आणि ज्यांना बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे योहानाने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, 11 वा अध्याय असा कुणी शिकवला नाही.

माझा धाकटा भाऊ आठवडाभराच्या तापात गेला. घरात माणसांची रीघ लागली होती, सगळे प्रेमानेच बोलत होते, रडू नको, तो प्रभूजवळ आहे, देवाची इच्छा... आणि मला आतून नुसता संताप येत होता, वर त्या संतापाची लाज वाटत होती, की विश्वासणाऱ्या बाईला असा राग कसा येतो. उपासनेला यायचं पण बंद केलं मी. तुम्ही आलात, काही समजावलं नाहीत, चहा घेतलात आणि उठताना म्हणालात, रविवारी दुपारी वही घेऊन ये, ग्रीक अक्षरं गिरवू. मला वाटलं सर माझं मन रमवायला म्हणतायत.

अक्षरं गिरवण्यात 2 महिने गेले, त्यातलं काय सांगू. पण मग तुम्ही लाजरचा, म्हणजे मार्था आणि मरीयेच्या मेलेल्या भावाला येशू उठवतो तो 11 वा अध्याय काढलात आणि 21 वी आणि 32 वी ओळ शेजारी शेजारी लिहायला लावलीत. मार्था आणि मरीया दोघी एकच वाक्य बोलतात, प्रभुजी आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मराठीत वाचताना मला ते नेहमी सारखंच वाटायचं. ग्रीकमध्ये मार्थाचा "मू" म्हणजे "माझा" शेवटी येतो, भावाला चिकटून, आणि मरीयेचा "मू" उडी मारून मेला नसताच्या आधी येतो. तुम्ही म्हणालात एका छोट्या शब्दावर इमला बांधू नकोस, फक्त ऐक. मी ऐकलं. दवाखान्याच्या जिन्यात माझ्या तोंडून पण "माझा" हाच शब्द आधी निघाला होता सर.

मग 35 वी ओळ, येशू रडला. आपल्या मराठीत मरीया पण रडते, लोक पण रडतात आणि येशू पण रडतो, एकच क्रियापद. ग्रीकमध्ये त्या सगळ्यांचं "क्लायो", म्हणजे आवाज काढून, हंबरडा फोडून रडणं, आणि येशूचं "एदाक्रुसेन", डोळ्यांतून पाणी आलं. हे क्रियापद अख्ख्या नव्या करारात एवढ्या एकाच ठिकाणी आहे. मी लगेच म्हटलं म्हणजे मोठ्याने रडणं कमी विश्वासाचं का? तर तुम्ही लूकच्या शुभवर्तमानाचा 19 वा अध्याय उघडून दाखवलंत, यरुशलेम शहर बघून तोच येशू "क्लायो" करतो. दोन्ही रडणी त्याची आहेत. त्या रात्री मी पहिल्यांदा पोटभर रडले.

पण खरे आभार 33 व्या ओळीचे. मरीयेला रडताना बघून येशूला आतून जे होतं, त्याचा शब्द, "एनेब्रिमेसातो". तुम्ही अर्थ सांगितलाच नाहीत, म्हणालात शुभवर्तमानांत हा शब्द पाच जागी आहे, शोधून आण. मत्तय 9 मध्ये दोन आंधळ्यांना दिलेली सक्त ताकीद, मार्क 1 मध्ये कुष्ठरोग्याला दिलेली, मार्क 14 मध्ये सुगंधी तेल ओतणाऱ्या बाईवर लोक खेकसतात ते, आणि उरलेल्या दोन्ही इथे, लाजरच्या कबरेच्या वाटेवर, 33 आणि 38. पाचही ठिकाणी शब्दात धार आहे. मग तुम्ही सांगितलंत की जुन्या ग्रीक नाटकात हेच क्रियापद घोड्यांच्या फुरफुरण्याला वापरलंय. सर, मी वही मिटून बसले होते ते तुम्हाला आठवत असेल. मी ज्या रागाची लाज बाळगत होते तसाच राग घेऊन येशू कबरेकडे चालला होता, डोळ्यात पाणी आणि आत हे फुरफुरणं, दोन्ही एकदमच. लाजरला उठवणार हे ठाऊक असूनसुद्धा! आणि पुढे मार्था स्पष्टच सांगते की आता वास येतोय, ग्रीकमध्ये दोनच शब्द, "एदे ओझेई", काही झाकलेलं नाही. मेलेल्या माणसाबद्दल इतकं खरं बोललेलं मला तोवर कुणी ऐकवलं नव्हतं.

तुम्ही एकदा पंडिता रमाबाईंचं सांगितलं होतंत, केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्या मूळ हिब्रू ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या, 1921 ला लेक मनोरमा गेली तरी काम सोडलं नाही आणि 1922 ला स्वतः जाण्याआधी पुरं केलं. तेव्हा ते मला नुसती माहिती वाटली होती. आता वाटतं, लेक गेल्यावर या अध्यायावरून त्यांची नजर फिरली असेल तेव्हा त्या कुठे थांबल्या असतील?

तुम्ही कधी एक पैसा घेतला नाहीत, दिसायला कमी झालंय तरी भिंग धरून माझ्या वहीतले स्वर तपासलेत, माझी आई सोबत यायची तर तिच्यासाठी खुर्ची आधीच सावलीत ठेवलेली असायची. आई तुम्हाला रोज प्रार्थनेत नावाने आठवते.

आणि हो, दिलेला अभ्यास झालाय. योहानाचा 20 वा अध्याय, येशूच्या रिकाम्या कबरेबाहेर मरीया मग्दालीया, ही लाजरच्या बहिणीहून वेगळी मरीया. "क्लायो" चार वेळा आलंय, 11 व्या ओळीत दोनदा, मग 13 आणि 15. दूत विचारतात का रडतेस, येशू पण तेच विचारतो, पण रडू नको असं तिला कुणीच म्हणत नाही. रविवारी वही घेऊन येते.

तुमची विद्यार्थिनी