सेफ्टी डायरेक्ट केली होती, प्रमोद

राळेगाव

प्रिय प्रमोद,

इकडे सगळे बरे आहेत. आईची साखर आटोक्यात आहे. हे तुझ्याशिवाय कोणाला समजणार नाही म्हणून लिहितो.

मुलींच्या वसतिगृहातलं भांडी धुण्याचं हुडवालं मशीन तुला ठाऊक आहे. त्याचा रिन्सचा, म्हणजे शेवटी ताटं खळबळायच्या पाण्याचा, बॉयलर ८५ अंशांवर थांबायला पाहिजे, तर तो उकळीपर्यंत जातो. पाणी फार तापलं की हीटर तोडणारा सेफ्टी थर्मोस्टॅट ट्रिप व्हायचा, लाल दिवा लागायचा, तरी पाणी तापतच राहायचं. मग कोणीतरी ठरवलं, सेफ्टीच खराब आहे, आणि दोन वायरी पिळून ती डायरेक्ट केली, म्हणजे मधून काढूनच टाकली. मी बॉयलर बंद करेपर्यंत मग दिवा लागत नव्हता आणि मेस चालू होती. हुड उचलला की वाफ सरळ तोंडावर येते, आणि तो उचलायला शांतामावशी आणि कामाची पाळी असलेल्या मुली असतात. मला याचीच काळजी लागली आहे.

तू म्हणशील, थर्मोस्टॅट बदल. आयटीआयपासून तुझं हेच, आणि यावरून आपण किती भांडलो! अरे लेका, आधी मोजायचं. पॅनेलवरचा आकडा आणि पाण्याचं खरं तापमान, दोन्ही. बास्केटमध्ये वेगळं थर्मामीटर ठेवून रिन्स घ्यायचा. पॅनेल ८५ दाखवतं आणि पाणी त्याहून बरंच गरम, तर सेन्सर चुकतो आहे. तो बॉयलरमधल्या आपल्या खिशातून सरकला असेल, त्याच्यावर क्षार चढला असेल, नाहीतर कनेक्टर वाफेने गंजला असेल. सेन्सर एनटीसी, म्हणजे तापल्यावर रेझिस्टन्स कमी होणारा, असेल तर गंजलेल्या जोडाने रेझिस्टन्स वाढतो, कंट्रोल बोर्डाला पाणी थंड वाटतं आणि तो तापवत बसतो. पीटी-१०० चा रेझिस्टन्स तापल्यावर वाढतो, म्हणून त्यात नेमकं उलट, पाणी आहे त्यापेक्षा गरम दिसतं. त्याला ० अंशांवर १०० ओहम आणि ८५ वर साधारण १३३, हे डोक्यात ठेवलं की सेन्सर दोन मिनिटांत तपासून होतो.

इथे मात्र पॅनेलच ९६ दाखवत होतं. म्हणजे बोर्डाला कळत होतं, त्याने कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे हीटरला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचच्या, कॉइलची सप्लाय तोडलीही होती. तरी वायरीभोवती क्लँप मीटर लावून करंट मोजला तर एका फेजवर पावणेनऊ अँपिअर. बॉयलरचा हीटर ६ किलोवॅटचा, २-२ किलोवॅटचे तीन रॉड, स्टारमध्ये, न्यूट्रल जोडलेला, म्हणजे प्रत्येक रॉड आपापल्या फेजवर स्वतंत्र चालतो. म्हणून कॉन्टॅक्टरचा एक पोल चिकटला तरी एक रॉड तापत राहतो. मेन पाडून, सप्लाय नाही याची खात्री करून, कॉन्टॅक्टरच्या आउटगोइंग वायरी सोडवून तपासलं. दोन पोल उघडे, तिसऱ्यावर मीटर बीप देतो, म्हणजे तो चिकटलेला. रॉड तिन्ही साडेसव्वीस ओहमच्या आसपास, निर्दोष.

आता खरा घोळ ऐक. या मशीनमध्ये सेफ्टी थर्मोस्टॅट त्याच कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये सिरीज आहे. कॉन्टॅक्ट वेल्ड झाले की बोर्डाने सोडलं काय आणि सेफ्टीने सोडलं काय, करंट जाणारच. सेफ्टी बिचारी आपलं काम चोख करत होती, तिचं ऐकणारा कॉन्टॅक्टर मेला होता. नुसता तो बदलला तर नवाही चिकटेल, कारण मूळ दोष व्होल्टेजचा आहे. हरभऱ्याला पाणी सुटलं, पंप चालू झाले की लाइन बसते, म्हणजे व्होल्टेज पडतं. २३० ची कॉइल ८५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १९५ व्होल्टपर्यंत नीट ओढते. त्याखाली चुंबक अर्धवट धरतं, कॉन्टॅक्टर शेतातल्या स्टार्टरसारखा गुरगुरतो, कॉन्टॅक्टवर ठिणग्या पडतात आणि चांदी वितळून चिकटते. त्यात बोअरचं जड पाणी. रॉडवर क्षाराचा थर असला की रॉड आतून भाजतो, आणि सेन्सरवर असला की त्याला उशिरा कळतं.

म्हणून मला दुसरा कॉन्टॅक्टर हवा, पहिल्याच्या सिरीजमध्ये, आणि त्याची कॉइल फक्त सेफ्टीवरून. सेफ्टी हाताने रिसेट करायचीच घ्यायची, आपोआप परत लागणारी नको. वर अंडर-व्होल्टेज रिले, १९५ खाली दोन्ही कॉइल सोडणारा. बसवल्यावर मेन पाडून सेफ्टीची एक वायर काढायची, टेप मारायची, मशीन चालू करायचं. क्लँपवर तिन्ही फेज शून्य आले तरच पास. क्षारासाठी सायट्रिक ॲसिड, लिटरला ५० ग्रॅम, कोमट पाण्यात तासभर, मग स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवायचं. ब्लीचशी त्याची गाठ पडू द्यायची नाही, क्लोरीन सुटतो. शेवटी इन्सुलेशन तपासायला ५०० व्होल्टचा मेगर, एक मेगओहमच्या वर.

मेसचे लोक म्हणतात, पाणी जास्त गरम तर ताटं जास्त स्वच्छ. अजिबात नाही. ९० च्या वर नोझलमधूनच वाफ उडायला लागते, ताट नीट भिजत नाही. खालच्या टाकीतलं पाणी ५५ ते ६५ मध्ये ठेवायचं. त्याच्या फार वर गेलं की डाळ-भात ताटावर भाजून बसतो.

वहिनींची बदली झाली का? पिंकीचा निकाल कळव. गजूभाऊंशी अबोला आता पुरे कर. ते अजून म्हणतात, प्रमोदच्या हाती टेस्टर आला की आधी फ्यूज उडतो, मग दोष सापडतो.

बॉयलरचा एमसीबी पाडून त्याची फेज काढून टेपली आहे, पिळलेल्या वायरीही सोडवल्या आहेत. सामान येईपर्यंत ताटं हाताने. पण मेसवाल्यांनी दुसरा मिस्त्री बोलावायच्या आत मला ते हवं. २५ अँपिअरचे थ्री-पोल कॉन्टॅक्टर दोन, कॉइल २३० ची. मॅन्युअल रिसेट सेफ्टी थर्मोस्टॅट, कॅपिलरी, म्हणजे त्याची बारीक नळी, एक मीटर, जुन्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो, त्यावरचा अंश पाहूनच घे. अंडर-व्होल्टेज रिले एक. नागपूरहून एसटीच्या पार्सलने लाव आणि बिल चिकटव, मुख्याध्यापिका पैसे देतील, त्यांच्याशी मी बोललो आहे.

तुझा,
सुधाकर