चार दिवसांपलीकडचे मेजर राणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल आला की मेजर रामा राघोबा राणे यांच्याविषयी चार ओळी कुठे ना कुठे वाचायला मिळतात. १९४८ च्या काश्मीर लढाईतला नौशेरा-राजौरीचा रस्ता, सुरुंग, परमवीर चक्र, आणि तिथेच मजकूर संपतो. ११ जुलै हा त्यांचा स्मृतिदिन मात्र कोरडाच जातो, याची मला मनापासून खंत वाटते. हा माणूस लढाईतून घरी परतला होता. त्याने संसार केला, चार मुले वाढवली आणि १९९४ मध्ये पुण्याच्या लष्करी रुग्णालयात वयाच्या ७६ व्या वर्षी जगाचा निरोप घेतला. राजौरीच्या लढाईनंतर ते ४६ वर्षे जगले.

राणे कारवारजवळच्या चेंडिये गावचे. वडील पोलिसात, त्यामुळे शिक्षण बदल्यांच्या गावी. १९४० मध्ये ते लष्कराच्या अभियंता दलात, बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते. शिपायापासून पायरी पायरीने चढत १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले, आणि चारच महिन्यांत राजौरीचा रस्ता मोकळा करण्याचे काम त्यांच्यावर आले.

जम्मू भागातली राजौरी नोव्हेंबर १९४७ पासून पाकिस्तानकडून आलेल्या हल्लेखोरांच्या ताब्यात होती. तिथल्या बायकामुलांचे जे हाल चालले होते ते पाहता फौज एक दिवस आधी पोचणे म्हणजे कित्येकांचा जीव वाचणे होते. ८ एप्रिल १९४८ ला डोग्रा पलटण आणि रणगाडे निघाले. पण रस्त्यात जागोजागी सुरुंग पेरलेले, झाडे आडवी पाडलेली, मोरी उडवलेली. उखळी तोफांच्या माऱ्यात राणे यांच्या तुकडीतले दोन सॅपर, म्हणजे अभियंता दलाचे जवान, ठार झाले, पाच जखमी झाले. त्या जखमींत राणे स्वतः होते. तरी ते हटले नाहीत. रणगाडा पुढे सरकेल तसतसे त्याच्या पोटाखालून सरपटत ते सुरुंग काढत आणि दोरीच्या खुणेने चालकाला ‘थांब’, ‘चल’ सांगत, असे सांगतात. १२ एप्रिलला राजौरी मुक्त झाली. त्या दोन सॅपरांची नावे कुणी घेत नाही, तीही घेतली गेली पाहिजेत.

१९४७-४८ च्या त्या भारत-पाकिस्तान युद्धात पाच परमवीर चक्रे दिली गेली. मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथ सिंह आणि कंपनी हवालदार मेजर पीरू सिंह यांना ते मरणोत्तर मिळाले. हयातीत मिळाले ते राणे आणि लान्स नाईक करम सिंह यांना. हुतात्म्यांपुढे मान झुकवायला आपण शिकलो, ते योग्यच आहे. पण जिवंत परतलेल्याचे पुढचे आयुष्य आपल्याला बातमीलायक वाटत नाही.

लग्न झाले १९५५ मध्ये, तेव्हा राणे छत्तीस वर्षांचे होते. १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतरही १९७१ पर्यंत लष्करातच काम करीत राहिले. म्हणजे लग्नानंतरची पहिली सोळा वर्षे त्यांच्या घरात वर्दीच होती. अशा घराला काय काय सोसावे लागते, ते मला ठाऊक आहे. माझे वडीलही खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे त्याच बॉम्बे इंजिनिअर्समध्ये होते. आमच्या लहानपणी वडील म्हणजे ‘मार्फत ५६ एपीओ’ एवढाच लष्करी टपालाचा पत्ता, महिन्याची मनीऑर्डर, आणि पांढऱ्या रंगात नंबर घातलेली काळी ट्रंक. फॅमिली क्वार्टर मिळाली की आम्ही सगळे एकत्र, नाहीतर आई एकटीने आम्हाला वाढवायची. सुट्टीवर आले की वडील आमच्या चपलांचे अंगठे शिवून आणायचे, वह्यांना कव्हरे घालायचे, आईला भाजी निवडून द्यायचे. लढाईबद्दल विचारले तर विषय बदलायचे. मोठी झाल्यावर मला कळले की सुट्टीतला प्रत्येक दिवस ते आमच्यासाठी राखून ठेवायचे.

मेजर राणे यांच्या नावाने तेलवाहू जहाज होते, कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, २०२३ मध्ये अंदमान-निकोबारच्या एका बेटाला त्यांचे नाव दिले गेले. हे सगळे व्हायलाच हवे होते. पण पती म्हणून, वडील म्हणून ते कसे होते, हे पुण्यातल्या किती वाचकांना ठाऊक असेल?

म्हणून एक विनंती. येत्या ११ जुलैला आपल्या दैनिकात अर्धे पान राखून ठेवावे. सैन्यातून परतून दीर्घ आयुष्य जगलेल्या सैनिकांच्या आठवणी त्यांच्या पत्नींकडून, मुलासुनांकडून, नातवंडांकडून मागवाव्यात. १९६५ आणि १९७१ ची युद्धे पाहिलेल्यांच्या पत्नी आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्याकडे नवऱ्यांची तेव्हाची पत्रे अजून जपलेली असतील. माझ्या आईने जपलेली पत्रे मी स्वतः आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली नम्र,
एका सॅपरची मुलगी, खडकी, पुणे