विषय: चासी नंबरवर काळा रंग मारल्याबाबत (आणि अठरा इंची टायरबाबत)

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

आपल्या 'पासिंग पॅकेज'चे 6,499 रुपये मी भरले. गाडी पास झाली नाही. आज दुपारी आपल्या कॉल सेंटरशी सातव्यांदा बोललो. आठव्यांदा बोलणार नाही, म्हणून हे पत्र.

पॅकेजमध्ये काय काय येतं ते मी सांगायला नको, जाहिरात आपलीच आहे. पंधरा वर्षं पूर्ण होत आलेल्या दुचाकीचं सर्व्हिसिंग, रंगाचं टचअप, कार्ब्युरेटर ट्यूनिंग, आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत निरीक्षकासमोर गाडी उभी करायला सोबत माणूस. माझी गाडी 2011 ची इम्पल्स, 150 सीसी. पशुधन पर्यवेक्षक होतो तेव्हा लाळ्या-खुरकूतच्या लसीचा बर्फाचा डबा हिच्याच कॅरियरवर बांधून वेल्ह्याच्या वाड्यांवर नेत असे. पावसाळ्यात ओढ्याच्या अलीकडे जीप थांबायची, ही पलीकडे जायची. मी निवृत्त झालो, गाडी अजून झालेली नाही.

आता पासिंगच्या दिवसाचं. निरीक्षकांनी दिवे, हॉर्न, इंडिकेटर, आरसे, ब्रेक सगळं पाहिलं. पाच मिनिटांत झालं, तक्रार नाही. मग ते हँडलच्या मानेशी वाकले, मोबाईलचा टॉर्च लावला आणि म्हणाले, "नंबर कुठाय?" चासी नंबर, म्हणजे सांगाड्यावरचा गाडीचा ओळख क्रमांक, तिथेच ठोकलेला असतो, हे तुमच्या रंगाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं बहुतेक. त्याने टचअपच्या नावाखाली त्या जागेवर काळ्या रंगाचे असे थर चढवलेत, की कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यायला गेलो तर कागदावर अमावस्या उमटली. यावर तुमचा सोबतचा मुलगा निरीक्षकांना काय म्हणाला? "सर, नंबर आरसीवर आहे ना." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. निरीक्षकांनी गाडी परत पाठवली, आणि योग्यच केलं. नंबर वाचता येत नाही ती गाडी कोणाची, हे त्यांनी काय अंतर्ज्ञानाने ओळखायचं?

पीयूसीचं थोडक्यात. तुमच्याकडे देण्याआधी गाडीचा सीओ, म्हणजे धुरातला कार्बन मोनॉक्साईड, 1.4 टक्के होता. 2000 नंतरच्या, हिच्या काळातल्या फोर-स्ट्रोक दुचाकीला 3.5 पर्यंत चालतं. तुमच्या ट्यूनिंगनंतर 4.1 आला. म्हणजे चांगली गाडी बिघडवण्याचे मी पैसे दिले. जुनं पीयूसी चालू होतं म्हणून त्या दिवशी निभावलं. शेवटी आमच्या नाक्यावरच्या मेकॅनिकने स्क्रू दीड आटा फिरवला, 1.6 आला. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. आणि तुमचं ॲप मला सांगतं, 'पुढील पीयूसी एक वर्षाने'. अहो, गाडी बीएस-3 आहे, म्हणजे जुन्या प्रदूषण निकषाची. हिला सहा महिन्यांचं मिळतं, वर्षाची मुदत बीएस-4 पासून पुढच्या गाड्यांना. हे मला ठाऊक आहे, तुम्हाला नाही, आणि दुकान तुमचं आहे.

आता आजचा फोन. मराठीसाठी तीन दाबा म्हणून तीन दाबलं, पलीकडून "हां जी सर, बोलिए". बोललो. मग मराठी बोलणाऱ्या बाई आल्या. म्हणाल्या, "सर, तुमचं मॉडेल सिस्टिममध्ये दिसत नाहीये." पैसे घेताना दिसलं होतं. पुढच्या टायरचं विचारलं, कारण तो झिजला आहे आणि बदलून द्यायचं तुमच्याच माणसाने कबूल केलं होतं. त्या म्हणाल्या, "एकोणीस इंची स्टॉकमध्ये नाही, अठराचा टाकून देऊ." मी म्हटलं, बाई, रिम एकोणीसची आहे. त्या म्हणाल्या, "एका इंचाने एवढा काय फरक पडतो सर?" टायर म्हणजे काय चप्पल आहे, एक नंबर लहान घातली आणि टाच बाहेर राहिली तरी चालतं?

मी वरिष्ठांना द्या म्हटलं. वरिष्ठ आले आणि फोन बदलताच मी 'सर'चा 'काका' झालो. "काका, खरं सांगू का? ह्या गाडीत आता पैसे घालू नका. आम्ही स्क्रॅपचे नऊ हजार देतो, घरी येऊन उचलू. आणि तुमच्या वयाला स्कूटर बरी, पाय टेकतात."

पाय टेकतात! अहो, माझे पाय कुठे टेकतात हे विचारायला मी फोन केला नव्हता. तुम्ही चासी नंबरवर रंग का मारला, हे विचारायला केला होता. त्याचं उत्तर सात फोनांत मिळालेलं नाही. परत लिहितो, कारण तुमच्याकडे एकदा सांगून काही पोचत नाही: चासी नंबरवर रंग का मारला?

नोंदणी 14 डिसेंबरला संपते. त्यानंतर दर महिन्याला 300 रुपये विलंब शुल्क, तेही मीच भरायचं का? आठ दिवसांत 6,499 रुपये परत आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्याखाली एवढ्या रकमेच्या दाव्याला फीसुद्धा लागत नाही, आणि निवृत्त माणसाकडे वेळ किती असतो ते तुम्हाला कळेलच. वाईट याचं वाटतं, की आमच्या ट्रेकिंगच्या गटातल्या तिघांना मीच तुमचं नाव सुचवलं होतं. त्यांना आज सकाळीच नको म्हणून कळवलं.

नंबरवरचा रंग मी स्वतः काढला. पॉलिश पेपर लावला नाही, नंबर घासला की छेडछाड केल्यासारखं दिसतं. थिनर आणि जुन्या बनियनचा तुकडा, अडीच तास. छाप आता स्वच्छ येते, एक प्रत सोबत जोडली आहे. तुमच्या रंगाऱ्याला दाखवा.

सोबत: बिल, पीयूसी तपासण्यांच्या पावत्या, चासी नंबरची छाप, थिनरचं बिल (110 रुपये, हेही परत हवेत).