पाण्याच्या मेसेजबद्दल

सोलापूर,
रविवार

प्रिय पक्या,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर उत्तर द्यायला गेलो तर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहितोय.

नोकरी सांभाळून तीन-तीन उद्योग आता झेपत नाहीत, एकच धरायचा तर कुठला, असं विचारलंस. त्यात चादरीच्या साइटबद्दल पानभर लिहिलंस, एमपीएससीच्या अ‍ॅपबद्दल अर्धं पान, आणि नळाला पाणी आलं की त्या भागात सगळ्यांना कळवणाऱ्या तुझ्या पाण्याच्या मेसेजबद्दल कंसात चार शब्द: ‘तो टाइमपास सोडून देतो’. मला बोलायचंय ते त्या कंसाबद्दल.

चादरीचं आधी उरकतो. साइट देखणी आहे, जेकार्ड मागाचे फोटो तर झकासच. पण ऑर्डरी कुणाच्या आल्या ते आठव. मी घेतली, तुझ्या मावसभावानं घेतली, वर्गातल्या निम्म्यांनी घेतली. दुसऱ्यांदा कुणी घेतली? भौगोलिक मानांकन असूनही बाजारात पानिपतचा माल ‘सोलापुरी’ म्हणून स्वस्तात खपतो. त्याच्याशी भिडायला भांडवल लागेल, गोडाऊन लागेल, आणि तुझ्याकडे आहेत रात्रीचे दोन तास. एमपीएससीचं अ‍ॅप उतरवून घेतात पुष्कळ, पुन्हा उघडत कुणी नाही, हे तूच मला दाखवलं होतंस. तू तरी त्यात नवे प्रश्न कधी टाकलेस शेवटचे?

आता गुरुवारची गोष्ट. तुझा सर्व्हर बंद पडल्याचं तुला शनिवारी कळलं. आम्हाला गुरुवारी सकाळीच कळलं! काकूंकडे डबा द्यायला गेलो तर दारात बायका जमलेल्या, ‘पक्याचा मेसेज का नाही आला?’ म्हणून. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड, तेही पहाटे तीनला येईल की दुपारी, नेम नाही. मोटर लावून हौद भरून घ्यायला घरी माणूस पाहिजे. त्यातल्या एक मावशी पूर्व भागातून इकडे राहायला आल्यात, विड्या वळतात. पानं भिजवायची, कापायची, वळायचं आणि विड्या ठरल्या वेळी कारखान्यात नेऊन द्यायच्या. पाण्यासाठी थांबल्या तर विड्या द्यायच्या राहतात, विड्या द्यायला गेल्या तर पाणी चुकतं. त्या दिवशी त्या गेल्या आणि मागे पाणी येऊन गेलं. अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत मला असं सुनावलं, जणू सर्व्हर माझ्याच घरात आहे. मग जरा निवल्यावर म्हणाल्या, ‘मला वाचायला येत नाही, पोरगी शाळेत गेली की मेसेज कोण सांगणार? दोस्ताला सांगा, तेलुगूत बोलून पाठव म्हणून.’

चादरीची साइटही मध्ये बंद होती. कुणी विचारलं का बे?

आणि ही माणसं तुझ्यावरच्या मायेनं वापरत नाहीत. बहुतेकांना तू कोण हेही माहीत नाही. ज्याच्या नळाला आधी पाणी येईल त्यानं बटण दाबायचं, मग त्या भागात सगळ्यांना मेसेज, ही तुझी युक्ती. पहाटे तीनला उठून शेजाऱ्यासाठी बटण कोण दाबतो? पण दाबतात. या शहरात कोण कुणासाठी काय फुकट करतं, तुला ठाऊक आहे.

तुमच्याच धंद्यातलं सांगतो. स्ट्युअर्ट बटरफिल्डची मंडळी ग्लिच नावाचा ऑनलाइन खेळ बनवत होती. तो चालला नाही, २०१२ मध्ये बंद केला. पण वेगवेगळ्या शहरांत बसलेल्या त्या टीमनं आपापसांत बोलायला जे तयार केलं होतं, ते त्यांना स्वतःलाच सोडवेना. तेच २०१४ मध्ये स्लॅक म्हणून सगळ्यांसाठी खुलं झालं. ज्यावर दिवसभर तुझा साहेब तुला छळतो, तेच. त्याआधी याच माणसाचं फोटो ठेवायचं फ्लिकरही असंच एका खेळाच्या पोटातून निघालं होतं. अर्थात ज्यांच्या खेळातून काहीच निघालं नाही, त्यांची नावं कुणी लिहून ठेवत नाही, हेही खरं.

पैसे कोण देणार, हा तुझा प्रश्न रास्त आहे. विडीवाल्या मावशींकडून तर घ्यायचेच नाहीत. पण होटगी रोडवरच्या एका अपार्टमेंटचे सेक्रेटरी मला परवा भेटले. टँकर मागवायचा की नाही हे त्यांना आदल्या रात्री ठरवावं लागतं. मागवला आणि सकाळी नळाला पाणी आलं, की सभासद डोकं खातात. ‘उद्या येण्याची शक्यता किती, एवढं जरी रात्री कळलं तरी तीन महिन्यांचे पैसे आगाऊ देतो,’ म्हणाले. आपण मागितले नव्हते. चादरीला तू सवलत देऊन, वर कुरिअर फुकट करून गिऱ्हाईक बघत बसलास.

उजनी धरणावरनं येणाऱ्या समांतर जलवाहिनीनं रोज पाणी यायला लागलं तर? येऊ दे की, पेढे मी वाटतो. तोवर कुठल्या गल्लीत किती वाजता आणि किती वेळ पाणी आलं, याची नोंद तुझ्याकडे साठेल. आणि दिवसाआड पाण्याची गावं महाराष्ट्रात काय कमी आहेत?

अजून एक. बिघाड कळल्यावर तू शनिवारी रात्रभर जागून तो काढलास, काकू सांगत होत्या. चादरीचे जीएसटीचे कागद मात्र उन्हाळ्यापासून टेबलावर तसेच पडलेत. मन कशात आहे, हे तू मला विचारतोस?

नोकरी एवढ्यात सोडू नकोस, घराचे हप्ते आहेत. फक्त रात्रीचे ते दोन तास याला दे. तेलुगू आवाजाचं माझ्याकडे लागलं, दुकानातली एक मुलगी बोलून द्यायला तयार आहे. काय काय वाक्यं हवीत ते लिहून पाठव. गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा सेक्रेटरींकडे जाऊन येऊ. आणि चादरीच्या साइटचं नाव पुढच्या महिन्यात रिन्यू करायचंय म्हणाला होतास ना? ते पैसे भरू नकोस.

तुझा,
दत्ता